बंडिंग बोजा

आमच्या सातबाऱ्यावर एक ओळ होती. 'इतर हक्क' या रकान्यात, सोसायटीच्या कर्जाच्या नोंदीखाली, कुण्या जुन्या तलाठ्याच्या किरट्या अक्षरात: 'बंडिंग बोजा रु. २१४'. पुढे सातबारा संगणकावर गेला तेव्हा ते अक्षर गेलं, ओळ तशीच राहिली. २०१७ साली शेततळ्याच्या अर्जासाठी उतारा काढला, तर नव्यानं आलेल्या तरुण तलाठ्यानं मलाच विचारलं, "काका, हे बंडिंग म्हणजे काय?"

मी म्हटलं, "बांधबंदिस्ती."

"मग बोजा कशाचा? बांध तर सरकार फुकट घालतं ना?"

पोराचं काही चुकलं नव्हतं. त्याच्या वयाच्या माणसाला सरकारी योजना म्हणजे अर्ज, अनुदान आणि खात्यावर जमा, एवढंच ठाऊक. त्या एका ओळीत आमच्या आबांची जिद्द, भावकीतलं दहा वर्षांचं अबोलं आणि मुंबई इलाख्याचा एक कायदा होता. चावडीत उभ्याउभ्या सांगण्यासारखं ते नव्हतं. म्हणून इथं लिहितो.

आमचं गाव माणदेशात. पाऊस वर्षाचा जेमतेम वीस इंच, आणि तोही लहरी. मृगात नुसती हूल देतो. खरा पडला तर उत्तरा-हस्तात, आणि पडतो तेव्हा असा कोसळतो की माळाची माती उचलून थेट ओढ्याला नेऊन घालतो. अशा मुलखात बांध ही काही सरकारनं शिकवलेली विद्या नव्हे. आमच्याकडे उताराच्या खालच्या अंगाला दगडाची ताल रचायची चाल पिढ्यानपिढ्यांची आहे. पहिल्या वर्षी दोन थर रचायचे. पावसात माती येऊन अडली की पुढच्या उन्हाळ्यात आणखी एक थर. असं करत दहा-पंधरा वर्षांत खडकाळ कोपऱ्यात काळ्याभोर मातीचं वावर तयार व्हायचं. आबा म्हणायचे, "ताल घालायची नसती, वाढवायची असती." ताल आपल्या बांधापासून आपल्याच बांधापर्यंत. शेजाऱ्याची संमती नको, साहेबाची सही नको. गरज लागायची ती दगड, कंबर आणि सवड या तीन गोष्टींची. आणि कुणब्याला यातली तिसरी गोष्ट कधीच पुरेशी मिळत नाही.

सवड विकत घ्यायची तर पैसा लागतो, आणि पैशाची गोष्ट निघाली की सरकार येतं. इंग्रज सरकारनं १८८३ साली जमीन सुधारणा कर्जाचा कायदा केला आणि पुढच्याच वर्षी बी-बियाणं, बैल यांसाठी शेतकऱ्यांना कर्ज देण्याचा दुसरा. आपल्या बोलीत दोन्ही मिळून 'तगाई'. विहीर काढा, बांध घाला, जमीन सुधारा, सरकार कमी व्याजानं कर्ज देईल, घ्यायचं की नाही ते तुमच्या मर्जीवर. 'मर्जी असेल तर घ्या' अशी शेतकऱ्याच्या जमिनीसाठीची ही सरकारी मदत होती. त्याआधी दहा वर्षंही झाली नव्हती, पुणे-नगरकडच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून खतं जाळली होती. १८७६ ते ७८चा दुष्काळ लोकांच्या डोळ्यांपुढून हलला नव्हता. सावकारापेक्षा सरकार बरं असं लोकांना वाटावं, ही सरकारची इच्छा. पण तगाईला अर्ज, पंचनामा, जामीन, आणि हप्ता चुकला तर जप्ती. सावकार अडीनडीला रात्री दार उघडायचा, कचेरी उघडायची नाही. लोकांनी मर्जी वापरली आणि बहुतेकांनी सावकारच धरला.

गंमत बघा, त्याच १८८३ साली जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा आसूड' लिहून पुरा केला. त्यात त्यांनी सरकारला एक उपाय सुचवला होता. पलटणीतल्या आणि पोलिसांतल्या माणसांकडून जागोजाग लहानमोठे ताली-बंधारे असे बांधून घ्यावेत, की पावसाचं पाणी शेतातून मुरत मुरत जाऊन मग नदीनाल्याला मिळावं. कर्ज द्या असं त्यांनी म्हटलं नाही, अंगमेहनत द्या म्हटलं. शेतकऱ्याकडे नेमकं काय कमी आहे ते त्यांनी बरोबर ओळखलं होतं. सरकारला ते उमगायला जवळजवळ नव्वद वर्षं आणि एक मोठा दुष्काळ लागला.

मधल्या काळात शास्त्र आलं. १९३३च्या सुमाराला सोलापूर, विजापूर, रायचूर अशा कमी पावसाच्या ठिकाणी कोरडवाहू शेतीची संशोधन केंद्रं निघाली. सोलापुरात ना. वि. कानिटकरांसारख्या माणसांनी किती पाऊस पडला, त्यातला किती वाहून गेला, जाताना माती किती घेऊन गेला, याची वर्षानुवर्षं मोजदाद ठेवली. त्यातून मुंबई इलाख्याची कोरडवाहू पद्धत तयार झाली. बांध घाला, नांगरट खोल करा, शेणखत द्या, बी कमी टाका, ओळीतलं अंतर वाढवा, कुळवाच्या पाळ्या घालून भेगा बुजवत राहा. आमच्या आबांना शाळूला कुळवाच्या पाळ्या किती द्याव्यात हे कुणी सांगायची गरज नव्हती. पण माती किती जाते हे मात्र त्यांनी कधी मोजलं नव्हतं. कुणी मोजून दाखवलं असतं तर कदाचित पुढचं घडलंही नसतं.

मग १९४२चा मुंबई जमीन सुधारणा योजना कायदा आला. चलेजावची धामधूम चालली असताना हा कायदा कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. पण माणदेशातल्या, सोलापूर-नगरच्या हजारो शेतांची ठेवण त्यानं बदलली. त्याचं काम असं चाले. सरकारी माणूस एका शिवाराची, म्हणजे अनेकांच्या शेतांची मिळून, एक योजना करी. ती चावडीवर लागे. हरकती मागवल्या जात. पुरेशा लोकांनी हरकत घेतली नाही, की योजना मंजूर आणि सगळ्यांवर लागू, हरकत घेणाऱ्यावरसुद्धा. खर्चाचा काही वाटा सरकार सोसे, उरलेला जमीनमालकाच्या नावावर चढे आणि शेतसाऱ्यासारखा हप्त्यानं वसूल होई. पुढची दुरुस्ती मालकानं करायची. तर ही ती बंडिंगची ओळ.

या कायद्यामागचा विचार मला आजही चुकीचा वाटत नाही. पाणी सातबारा बघून वाहत नाही. वरच्यानं बांध घातला आणि खालच्यानं नाही घातला, तर काम अर्धं. एकट्यादुकट्याच्या मर्जीवर पाणलोट सोपवता येत नाही. पण मर्जी नसलेल्या माणसाच्या शेतात त्याच्याच खर्चानं बांध घातला, तर तो बांध कुणाचा? आबांचा सवाल हाच होता. चावडीवर हरकतीच्या दिवशी ते साहेबाला म्हणाले म्हणे, "मर्जीनं म्हंजे कुणाच्या मर्जीनं? माझी तर न्हाई."

आमच्या गावात बांधबंदिस्ती आली ती पन्नासच्या दशकाच्या शेवटी, माझ्या जन्माआधी. हे कंटूर बांध. म्हणजे शिवारातल्या सारख्या उंचीच्या जागा जोडत जाणारी रेघ, आणि त्या रेघेवर मातीचा बांध. कागदावर ती रेघ फार सुंदर दिसते. जमिनीवर ती तुमच्या पट्टीतून तिरकी निघते, एक कोपरा वरती तोडते, एक कोपरा खाली तोडते. औत वळवायला जागा राहत नाही, तिकोन्या तुकड्यात पाभर धड चालत नाही. आधीच तुकड्यांची जमीन, आणि त्यात बांधाखाली गेलेली माती पिकाला मुकली ती वेगळीच. तरीही मुरमाड माळावर हे बांध चांगले चालले. पाणी जिरलं, माती थांबली. दैना झाली ती काळ्या रानात. काळी माती पाणी लवकर पीत नाही. बांधाच्या वरच्या अंगाला तळं साचायचं आणि आठ-आठ दिवस हलायचं नाही. पाण्याला बाहेर काढायला सांडवा असला तर तो साहेबाच्या सोयीच्या जागी, पाण्याच्या सोयीच्या नाही. मग कुठंतरी बांध फुटायचा, नाहीतर शेतकरी स्वतः फोडायचा. आमच्याकडेच नव्हे, साऱ्या काळ्या मातीच्या पट्ट्यात शेतकऱ्यांनी हे बांध नांगरून सपाट केले. सरकारी अहवालात याला शेतकऱ्यांचं अज्ञान म्हणत. काही वर्षांनी शास्त्रज्ञांनीच सांगायला सुरुवात केली, की खोल काळ्या जमिनीत सपाटीचे कंटूर बांध चालत नाहीत, पाण्याला हळू उतार आणि सुरक्षित वाट हवी. आबा तोवर गेले होते.

आमच्या काळ्या पट्टीतला बांध आबांनी फोडला तेव्हा मी पाळण्यात होतो. त्या वर्षी उत्तरा नक्षत्र चांगलं बरसलं होतं. खालच्या कोपऱ्यात गुडघाभर पाणी. हस्त लागला, गावात शाळूच्या पेरण्या सुरू झाल्या, आणि आमच्या पट्टीला वाफसा येईना. माणदेशात शाळू पेरायचा मोका आठ दिवसांचा. तो गेला की वर्षाची भाकरी गेली. आबांनी चार दिवस वाट पाहिली. पाचव्या रात्री कंदील आणि कुदळ घेऊन गेले आणि बांधाला भगदाड पाडलं.

पट्टीच्या खाली तात्यांचं रान. तात्या म्हणजे आबांचे चुलतभाऊ. त्यांनी तीनच दिवसांपूर्वी पेरलं होतं. साचलेलं पाणी एकदम सुटलं ते त्यांचं बी, वरची वीतभर माती आणि अर्धा बांध घेऊन ओढ्याला गेलं. सकाळी तात्यांच्या रानात मध्यापर्यंत ओघळ पडली होती. पंचनामा झाला. खात्याचा माणूस येऊन लिहून घेऊन गेला. आबांना दंड झाला की नाही ते मला नीट कळलं नाही, पण बोज्याचे हप्ते आबांनी शेवटपर्यंत भरले. त्या पावत्या पत्र्याच्या पेटीत आजही आहेत. फोडलेल्या बांधाचे पैसेही भरले, असं आण्णा, म्हणजे माझे वडील, कधीकधी हसून सांगायचे. आबांच्या देखत मात्र नाही.

तात्यांच्या घरचं आवतण त्यानंतर आमच्या घरी आलं नाही, आमचं त्यांच्याकडे गेलं नाही. दोन्ही घरांची मागची दारं एकाच बोळात उघडत होती. आजी आणि तात्यांची काकी पाण्याला एकाच आडावर जायच्या आणि एकमेकींची घागर भरेस्तोवर दुसरीकडे बघत उभ्या राहायच्या.

१९७२चा दुष्काळ माझ्या चांगला आठवणीत आहे, मी अकरा वर्षांचा होतो. त्याबद्दल पुष्कळांनी लिहिलंय. मिलो, सुकडी, खडीचे ढीग, ओस पडलेल्या दावणी, ते सगळं आमच्याकडेही होतं. मला सांगायचंय ते वेगळं. त्या वर्षी जोतीराव म्हणाले होते ते घडलं, फक्त पलटणीच्या जागी उपाशी माणसं होती. वि. स. पागे यांनी १९६५च्या सुमाराला तासगाव तालुक्यातल्या विसापुरात जो प्रयोग करून पाहिला होता, मागेल त्याला काम आणि कामातून गावाची जमीन सुधारणं, तो १९७२मध्ये राज्याची रोजगार हमी योजना झाला. पुढे १९७७ला त्याचा कायदा केला, तो १९७९च्या प्रजासत्ताकदिनापासून लागू झाला. या योजनेसाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. मुंबईच्या एखाद्या कारकुनाच्या पगारातून दरमहा कापलेले रुपये आमच्या माळावरच्या पाझर तलावात आणि बांधांत पडले आहेत. त्या कारकुनाला हे कुणी सांगितलं नसेल, म्हणून मी सांगतो.

त्या उन्हाळ्यात आमच्या शिवारात फुटक्या बांधांची दुरुस्ती निघाली. खासगी रानात काम, पण मजुरी सरकारची, मालकावर बोजा नाही. मस्टरवर आजी आणि तात्यांची काकी यांची नावं लागोपाठ. मुकादमानं जोडी लावून दिली: एकीनं भरायचं, दुसरीनं वाहायचं. पहिले दोन दिवस दोघी मुक्यानं पाट्या वाहत होत्या. तिसऱ्या दिवशी काकींना उन्हाची चक्कर आली आणि आजीनं त्यांना आपल्या पदराच्या सावलीत बसवलं, एवढंच मी पाहिलं. पुढे काय बोलणं झालं ते माहीत नाही, पण जोडीची माप दोघींनी एकत्र भरून घेतली.

काम आमच्या भगदाडापाशी आलं तेव्हा ओव्हरसियर म्हणाला, आहे तसा माती घालून बुजवा. आबा आडवे पडले. "बुजवशील तर पुन्यांदा फोडीन." तात्या ओघळीच्या पलीकडे उभे होते. दहा वर्षांत पहिल्यांदा ते आबांकडे न बघता का होईना, पण आबांना उद्देशून बोलले. "बुजवू नको. दगडाचा सांडवा घाल. पाणी हळू येऊ दे माझ्यात, मी घेतो." ओव्हरसियर बरा माणूस होता. कागदात नसलेला सांडवा त्यानं करून दिला. पिचिंगचे दगड तात्यांच्या तालीतले होते. त्या वर्षीच्या पावसात बांध फुटला नाही, आणि शाळूही पेरला गेला.

दुष्काळातल्या या कामांवर टीका खूप झाली. मापात पाप, कागदावरची मजुरी, पहिल्याच पुरात गेलेले बांध. सगळं खरं आहे. माझी तक्रार आणखी एक आहे. पाट्या बायकांनी वाहिल्या आणि सुधारली ती पुरुषांच्या नावावरची जमीन. ज्यांना जमीनच नव्हती त्यांच्या वाट्याला फक्त मजुरी आली, आणि काम संपल्यावर तीही नाही. या गाठीला हात घालणारा एकच माणूस मला माहीत आहे, पुरंदर तालुक्यातल्या नायगावचे विलासराव साळुंखे. पुण्यातला हा कारखानदार इंजिनिअर त्याच दुष्काळानंतर देवस्थानची चाळीस एकर पडीक जमीन घेऊन बसला आणि पुढे पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या एकरांवर नाही, घरातल्या माणसांवर वाटायचं. माणशी अर्धा एकराचं पाणी, भूमिहीनालाही हक्क, आणि ऊस कुणीच लावायचा नाही. निम्मा खर्च सरकारी अनुदानातून, पण गावकऱ्यांनी स्वतःचा पाचवा हिस्सा आधी घालायचा. आबांच्या सवालाला मला सापडलेलं सगळ्यात सरळ उत्तर ते आहे. आमच्या गावात ते आलं नाही. आणा म्हणून आम्हीही कुणाच्या मागे लागलो नाही, हे कबूल केलं पाहिजे.

आण्णांचा काळ डाळिंबाचा. १९९० साली राज्य सरकारनं रोजगार हमीला फळबाग जोडली. आपल्या रानात खड्डे खणा, कलमं लावा, जगवा. मजुरी आणि साहित्याचं अनुदान तीन वर्षांत टप्प्याटप्प्यानं. इथे मात्र खरोखर मर्जी होती. कुणी चावडीवर कागद लावला नाही, कुणाच्या पट्टीतून तिरकी रेघ गेली नाही. ज्याला वाटलं त्यानं अर्ज केला. आण्णांना वाटायला एक वर्ष लागलं. त्यांना बोज्याची भीती. "आत्ता फुकाट म्हणत्याल, मागनं सातबाऱ्यावर चढवत्याल." शेजारच्या गावातल्या एका पाव्हण्याच्या खात्यावर खरोखर पैसे जमा झालेले पाहिल्यावर त्यांनी मुरमाड माळावर दीड एकर 'गणेश' लावलं.

अनुदानाचा पुढचा हप्ता जगलेल्या झाडांवर. कृषी सहाय्यक झाडं मोजायला येणार म्हटलं की गावात एक वेगळीच लगबग असायची. मेलेल्या कलमाच्या जागी आदल्या सांजेला ओली फांदी खोचून पाणी घातलेली झाडं मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहेत. सहाय्यकालाही ते कळायचं. एकदा त्यानं अशी एक फांदी अलगद उपटून मालकाच्या हातात दिली आणि म्हणाला, "ही पुढच्या वर्षी मोजू." पण लबाडी वजा केली तरी बागा उभ्या राहिल्या हे खरं. सांगोला, आटपाडी, दहिवडी या नावांपुढे आधी 'दुष्काळी' लागायचं, आता 'डाळिंब' लागायला लागलं. मुरमाड माळ, कमी पाऊस, कोरडी हवा, ज्या गोष्टींना आम्ही शिव्या घालत होतो त्याच डाळिंबाला मानवल्या. पत्र्याची घरं पक्की झाली. माझ्या धाकट्या भावाचं इंजिनिअरिंग त्या दीड एकरावर झालं.

नंतर 'भगवा' आला, मागोमाग तेल्या आला. फळावर तेलकट डाग, मग भेग, मग सडा. आमची बाग २००८ला काढून टाकावी लागली. आण्णा त्या दिवशी रानात आले नाहीत. एक मात्र आहे, त्या वेळी कुणी जप्ती घेऊन आलं नाही. बाग गेली, पण डोक्यावर काही राहिलं नाही. आबांच्या आणि आण्णांच्या काळातला फरक एवढा होता, आणि तो थोडा नव्हे.

माझ्या वाट्याला शेततळं आलं. २०१६च्या फेब्रुवारीत 'मागेल त्याला शेततळे' जाहीर झालं. अर्ज ऑनलाइन, तीस बाय तीस मीटर आणि तीन मीटर खोल असं मोठ्यात मोठं तळं, जास्तीत जास्त पन्नास हजार अनुदान. खोदकामाचा खरा खर्च त्याहून जास्त, वरचं शेतकऱ्यानं घालायचं. योजनेचा हेतू पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवणं. आमच्या भागात झालं काय ते सांगतो. पुष्कळांनी माळाच्या उंच जागी तळं काढलं, प्लास्टिकचा कागद अंथरला आणि बोअर चालवून भरलं. म्हणजे जमिनीच्या पोटातलं थंड पाणी वर काढून उन्हात तापत ठेवायचं. ज्याच्याकडे बोअरचा आणि कागदाचा पैसा त्याचं तळं भरलेलं, शेजाऱ्याची विहीर कोरडी. नाव जलसंधारणाचं. मी कुणाला दोष देत नाही, बाग जगवायची असली की माणूस हेच करतो, आणि डाळिंब वाळताना मीही पाहिलंय. पण सरकारी मदत मर्जीवर सोडली की मर्जी कुणीकडे जाते, ते या तळ्यांवरून कळतं. बेचाळीसच्या कायद्याला शिवार दिसत होतं, माणूस दिसत नव्हता. या योजनेला अर्जदार दिसतो, त्याच्या खालचं रान दिसत नाही.

मी तळं काढलं काळ्या पट्टीच्या खालच्या कोपऱ्यात, जिथं आबांचं पाणी साचायचं तिथंच. कागद घालायचा नाही, बोअर जोडायचा नाही, वरून येईल ते पाणी. जागा पाहायला आलेल्या कृषी सहाय्यकानं विचारलं, "तळं भरून वाहिलं तर पाणी कुठं सोडणार?" मी जुन्या सांडव्याकडे बोट दाखवलं. खाली आता तात्यांचा नातू कसतो. मी त्याच्या घरी गेलो. अर्जात अशी कुठली अट नव्हती, पण गेलो. बोळातल्या मागच्या दारानं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच म्हणाला, "काका, सांडवा आहे तिथंच ठेवा, उचलू नका. आज्जा सांगून गेलाय."

मे महिन्यात पोकलेन लागलं. दोन तासांत बाजू उभी कापली गेली आणि मी आणि तात्यांचा नातू काठावर उभे राहून बघत राहिलो. तळाला पिवळा मुरूम, त्यावर जुनी करडी माती, आणि तिच्यावर कमरेइतका जाड, काळ्या लोण्यासारखा गाळ. थर अगदी वेगळा दिसत होता, सुरीनं कापल्यासारखा. वरच्या साऱ्या शिवाराची माती, पन्नास-साठ वर्षांत त्या बांधाला येऊन थांबलेली. ज्याला आबांनी जन्मभर शिव्या घातल्या आणि ज्याचे हप्ते भरले, तो बांध. फोडला त्या रात्री तात्यांच्या रानातून गेली ती माती यात नव्हती, ती तर कधीच माणगंगेला मिळाली.

पोकलेनवाल्यानं विचारलं, गाळ कुठं टाकू? काठावर टाकायचा तर भराव होईल, विकला तर बागवाले ट्रॉलीला पैसे द्यायला तयार होते. नातू काही बोलला नाही. तो ओघळीकडे बघत होता. ती बुजलेली असली तरी त्या पट्ट्यात पीक अजून गुडघ्याला लागत नाही.

मी म्हटलं, "तुझा ट्रॅक्टर घेऊन ये."

संध्याकाळपर्यंत त्याच्या एकवीस ट्रॉल्या झाल्या. दुसऱ्या दिवशी आणखी चौदा. अनुदान पुढच्या मार्चला जमा झालं. बंडिंगची ओळ त्यानंतरही सातबाऱ्यावर होतीच. पेटीतल्या पावत्या घेऊन मी दोनदा कचेरीत गेलो, तर मूळ वसुलीचं रजिस्टर सापडत नाही म्हणून परत पाठवलं. २०२५ साली 'जिवंत सातबारा' मोहीम निघाली, तगाई, बंडिंग असल्या कालबाह्य नोंदी कमी करायचं ठरलं, तेव्हा पुन्हा अर्ज दिला. फेरफाराची नोटीस घेऊन कोतवाल घरी आला तेव्हा तात्यांचा नातू ओसरीवर बसलेला होता. साक्षीदार म्हणून सही त्याचीच घेतली.